कुरिअरच्या पोरांना शिकवायचं कसं? छोट्या शाखेसाठी चार वाटांची तुलना

परभणीचा पिन कोड ४३१४०१ आणि बार्शीचा ४१३४०१. नांदेड ४३१६०१, तुळजापूर ४१३६०१. दुसरा आणि तिसरा आकडा इकडचा तिकडे झाला की नांदेडच्या गिऱ्हाइकाचं पार्सल आई भवानीचं दर्शन घेऊन मगच घरी येतं. लातूर-धाराशिव ४१३ मध्ये आणि उरलेला बहुतेक मराठवाडा ४३१ मध्ये, त्यामुळे ही चूक आपल्याकडे फार सहज होते. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेला पिन कोड ज्यांनी बसवला ते श्रीराम भिकाजी वेलणकर मराठीच, संस्कृतचे पंडित. पन्नास वर्षांनी रात्री अकराला पेंगुळलेलं पोरगं त्यांच्या आकड्यांवरून बॅगा लावत बसेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

परभणीत कुरिअरची शाखा चालवायला घेतली तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बॅग चुकली, कंपनीनं बिलातून पैसे कापले, तेव्हा कळलं. आता जालना, बीड, हिंगोलीकडची नवी शाखा घेणारी मंडळी विचारतात, की चार-सहा पोरं ठेवायचीत, त्यांना तयार कसं करायचं? वाटा चार आहेत. दोन मी स्वतः चाललोय, दोन ओळखीच्या शाखांमध्ये जवळून पाहिल्यात.

जुन्या पोराच्या मागं बसवणं

सगळीकडे हेच चालतं. नवा पोरगा आठ दिवस जुन्याच्या गाडीवर मागं बसतो आणि नवव्या दिवशी त्याच्या हातात रनशीट, म्हणजे दिवसभरात वाटायच्या पार्सलांची यादी, पडते. खर्च शून्य, असं वाटतं.

या वाटेनं जे मिळतं ते दुसऱ्या कुठल्याच वाटेनं मिळत नाही. पत्त्यावर ‘मारुती मंदिराजवळ’ एवढंच लिहिलेलं असतं आणि गावात मारुती तीन असतात. जिंतूरकडच्या तांड्यावर गेलं की अर्धी घरं राठोडांची, उरलेली चव्हाणांची. तिथं आडनाव वाचून पार्सल देणारा फसतो. बापाचं नाव विचारायचं, मोबाइलचे शेवटचे चार आकडे जुळवायचे, मगच हातात द्यायचं. दसरा-दिवाळी उलटली की बीड, गंगाखेड भागातली घरंच्या घरं ऊसतोडीला जातात. तिथं कुलूप दिसलं तर ‘उद्या पुन्हा येतो’ म्हणण्यात अर्थ नाही, ती माणसं उन्हाळा लागल्यावरच परतणार. अशा वेळी फोन लावून ‘म्हातारीजवळ देऊ का?’ असं विचारायचं आणि तसा होकार मेसेजवर घ्यायचा. हे जुन्या पोराला पाठ असतं.

पण जुन्या पोराला दुसरंही बरंच पाठ असतं. मे महिन्यात दुपारी दोनला, पारा बेचाळिसावर असताना, लिंबाखाली बसून ‘कस्टमर नॉट अव्हेलेबल’ असा शेरा टाकायचा. फोनवरच ओटीपी मागून घ्यायचा आणि पार्सल चौकातल्या टपरीवर ठेवून मोकळं व्हायचं. सीओडीच्या, म्हणजे पार्सल देताना गिऱ्हाइकाकडून घेतलेल्या रोख पैशातून पेट्रोल भरायचं, ‘उद्या भरतो की’ म्हणत. माझ्याकडे एक फार चलाख पोरगा होता, दिवसाला सगळ्यात जास्त पार्सलं त्याचीच. त्याच्या हाताखाली मी तीन नवे दिले. दोन महिन्यांनी रिपोर्ट काढला तर तिघांचेही ‘घर बंद’चे शेरे रोज दीड ते तीनच्या दरम्यानचे. गुरूनं जेवणाच्या सुट्टीसकट सगळी विद्या दिली होती.

तेव्हापासून नवा पोरगा कुणाच्या मागं बसवायचा हे मी जास्त पार्सलं वाटणारा कोण यावरून ठरवत नाही. ज्याची पार्सलं सगळ्यात कमी परत येतात, तो शिकवणारा. आणि त्याच्या मागं आठाऐवजी पंधरा दिवस बसवायचं, त्या दिवसांचे त्याला वेगळे पैसे द्यायचे. फुकटात शिकवायला लावलं तर तो मागच्या पोराकडून नुसत्या पिशव्या उचलून घेतो.

कंपनीचं ट्रेनिंग

फ्रँचायझी घेतली की हे आपसूक येतं. मोबाइलवर व्हिडिओ, शेवटी प्रश्न, कधी हबवर, म्हणजे कंपनीच्या मोठ्या केंद्रावर, एखादा दिवस. पैसे लागत नाहीत. स्कॅन कसं करायचं, सही किंवा फोटो कसा चढवायचा, ओपन बॉक्स डिलिव्हरीत गिऱ्हाइकासमोर काय तपासायचं, रोख कधी आणि कुठं भरायची, हे नीट कळतं. अडचण एवढीच की मी पाहिलेले व्हिडिओ हिंदीत होते आणि त्यातला मुलगा लिफ्टनं वर जाऊन बेल वाजवत होता, गेटवरच्या वॉचमनच्या वहीत नाव लिहीत होता. वसमतच्या मोंढ्यात कसली लिफ्ट अन् कसला वॉचमन!

तरीही ही वाट टाळू नका. कारण काय घ्यायचं नाही, हे गल्लीतला उस्ताद शिकवत नाही, त्याला ते माहीतच नसतं. आपल्या काउंटरवरची बॅग रस्त्यानं पुण्या-मुंबईला जाते आणि तिथून बरीच पार्सलं विमानात चढतात. सुटी लिथियम बॅटरी, परफ्यूम, फटाके, गॅसचं लायटर हे विमानासाठी धोक्याचं सामान. विमान मालवाहतुकीत असं सामान हाताळणाऱ्यांना ते प्रशिक्षण दर २४ महिन्यांच्या आत पुन्हा घ्यावं लागतं, इतकं ते गंभीर आहे. आणि त्या साखळीची पहिली कडी म्हणजे आपल्या काउंटरवर पावती फाडणारा पोरगा. दिवाळीत मावशी येतात, बंगळुरूच्या लेकाला फराळाचा डबा पाठवायचा असतो. ‘आत काय आहे मावशी?’ ‘चिवडा, लाडू अन् लेकराला थोडे फटाके टाकलेत.’ विचारलंच नाही तर त्या सांगत नाहीत, त्यांच्या लेखी तो फराळच.

माझी चूक अशी झाली की ट्रेनिंगला मी फक्त गाडीवरची पोरं पाठवली. काउंटरवरचा माणूस ‘इथं कोण बसेल?’ म्हणून मागं राहिला. खरं तर पहिला तोच जायला हवा होता.

सरकारमान्य सर्टिफिकेट

लॉजिस्टिक्स क्षेत्राची कौशल्य परिषद चेन्नईत आहे. कुरिअर पोहोचवणाऱ्याच्या कामाचं मानक तिनं ठरवलेलं आहे, त्यात पार्सल हाताळणी, कागदपत्रं, सुरक्षितता आणि गिऱ्हाइकाशी वागणं असं सगळं येतं. इथं पुन्हा दोन फाटे फुटतात. नव्या मुलाचा पूर्ण कोर्स, आणि आधीपासून काम करणाऱ्याचं आहे ते कौशल्य तपासून त्यावर शिक्का मारणं, ज्याला सगळे आरपीएल म्हणतात. २०१५ पासूनच्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत दोन्ही बसतात आणि त्या योजनेखाली उमेदवाराला फी नसते. कुणी ‘सर्टिफिकेट आणि पक्की नोकरी’ म्हणून पैसे मागत असेल तर तिथूनच माघारी फिरा.

नव्या पोराचा पूर्ण कोर्स शाखामालकाच्या सोयीचा नाही, असं माझं स्पष्ट मत. बॅच भरायची वाट बघा, सेंटर दुसऱ्या गावात, आणि कोर्स संपला की पोरगं वाळूजला नाही तर पुण्याच्या गोदामात जातं. त्याच्यासाठी ते चांगलंच आहे, वाईट वाटून घेऊ नये. पण तुमच्या रनशीटचा प्रश्न तसाच राहतो. दीड-दोन वर्षं टिकलेल्या पोरासाठी आरपीएल मात्र मला आवडतं. थोडी उजळणी, एक परीक्षा आणि हातात कागद. शेजारच्या शाखेतल्या एकानं तो कागद फ्रेम करून घरात लावला आणि सोयरिकीच्या बैठकीत पाहुण्यांना दाखवला. हसू नका. ‘पार्सल टाकणारं पोरगं’ ही ओळख पुसायला तो कागद उपयोगी पडला आणि पोरगं त्या शाखेत अजून आहे. फक्त त्या कागदावरून शेरा खरा टाकतो की खोटा, हे कळत नाही.

अप्रेंटिस

म्हणजे शिकाऊ उमेदवार. कायदा १९६१ चा. तीस किंवा जास्त माणसं असतील तर अप्रेंटिस घेणं बंधनकारक, चार ते एकोणतीस असतील तर ऐच्छिक. २०१६ च्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा पाव हिस्सा, महिना जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार उचलतं. अप्रेंटिसला पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) लागत नाही. इथं बरेच मालक खूश होतात आणि पुढचं वाचत नाहीत. शिकताना त्याला अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी मालकाचीच आहे. दिवसभर दुचाकीवर फिरणाऱ्या मुलाच्या बाबतीत ही बारीक गोष्ट नाही, अपघात विमा काढल्याशिवाय त्याला किल्ली देऊ नका.

छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या मोठ्या शाखांना, जिथं पंधरा-वीस माणसं आहेत आणि ऑफिसात बसणारा एक जण मोकळा आहे, त्यांना ही वाट शोभते. मुलगा बुकिंग, बॅगिंग, काउंटर, डिलिव्हरी असं फिरून सगळं शिकतो. लातूरला क्लासेसच्या हंगामात पुस्तकांची खोकी पडतात तेव्हा असा सगळीकडे चालणारा हात सोन्यासारखा. पण मालक स्वतःच पावत्या फाडत असेल, तर पोर्टल, करार, दर महिन्याची हजेरी यात तो बुडतो.

मोजायचं कशाशी?

पोस्टाशी. आपलं गिऱ्हाईक दुसरी कुरिअर कंपनी बघत नाही, पोस्टमन बघतं. पोस्टाचं स्वतःचं प्रशिक्षण आहे, २०२२ पासून डाक कर्मयोगी पोर्टलवर ग्रामीण डाकसेवकांनाही ते मिळतं. खेड्यात पोस्टमनवर जो विश्वास आहे, तो आपल्या पोरानं कमवायचाय.

आधी पगार बघा

चारही वाटांत एक भोक आहे. समजा, पार्सलमागं १५ रुपये देता. घर बंद निघालं तर शून्य आणि दुसऱ्या फेरीचं पेट्रोल पोराच्या खिशातून. ट्रेनिंग सांगतं की तीन वेळा फोन करा, दहा मिनिटं थांबा. पगार सांगतो की कशाला थांबतोस, पुढं चल. दोघांत पगारच जिंकतो. मी पहिला महिना ठरावीक पगार सुरू केला आणि नंतर पार्सलवर गेलो तरी खऱ्या ठरलेल्या शेऱ्याचे थोडे पैसे ठेवले. शेरा खरा हे कसं कळायचं? रोज संध्याकाळी ‘घर बंद’ आलेल्या पाच-सहा गिऱ्हाइकांना मी स्वतः फोन लावायचो. ‘आज आमचा पोरगा आला होता का हो?’ एवढंच. पहिल्या आठवड्यात शिव्या खाल्ल्या, महिन्याभरात शेरे निम्म्यावर आले.

तर, चार-सहा पोरांची शाखा असेल आणि तुम्ही स्वतः बसणार असाल, तर कंपनीचं ट्रेनिंग काउंटरसकट सगळ्यांना, मग पंधरा दिवस चांगल्या उस्तादाच्या मागं, आणि वर्ष-दोन वर्षं टिकलेल्याला आरपीएल. माणसं जास्त असतील तर अप्रेंटिस. शाखा परभणीत आणि मालक संभाजीनगरात असा कारभार असेल तर उस्तादाची वाट धरू नका, ती देखरेखीशिवाय नासते. आणि काहीही निवडा, लायसन्स नसलेल्याला गाडी देऊ नका. चालवणाऱ्याला ५,००० रुपये दंड आहे आणि गाडी देणाऱ्यालाही तेवढाच.

भरती जून-जुलैत करा, म्हणजे सणाच्या गर्दीआधी पोरं हाताशी येतील. दसऱ्याच्या आठवड्यात आलेल्या नव्या पोराला शिकवायला कुणालाच फुरसत नसते. मी दोनदा तसं केलं आणि दोन्ही पोरं पाडव्याच्या आत निघून गेली, एक तर रनशीट टेबलावर ठेवून, न सांगता.