सरकारी शाळांचा निधी: सर्वांना सारखा की गरजेनुसार?

प्रत्येक विद्यार्थ्यामागे सारखीच रक्कम द्यायची, ही पहिली पद्धत. हिशेब सोपा, वाद कमी, कुणावर मेहेरबानी केल्याचा आरोपही होत नाही. पण ज्या मुलाच्या घरी अभ्यासाला जागा नाही किंवा जे शाळेची भाषा पहिल्यांदाच ऐकतंय, त्याला शिकवायला वेळ जास्त लागतो आणि शिक्षकही. रक्कम सारखी ठेवली की ही तूट त्या मुलाच्याच अंगावर पडते. याला समान वागणूक म्हणायला माझं मन धजत नाही.

दुसऱ्या पद्धतीत जिथे गरज जास्त तिथे पैसा जास्त. इंग्लंडने २०११ मध्ये ‘प्युपिल प्रीमियम’ सुरू केला. गरीब घरांतल्या मुलांमागे शाळेला वाढीव रक्कम मिळू लागली. कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये निधीचं सूत्रच बदललं. कमी उत्पन्न गटातली, इंग्रजी शिकत असलेली आणि फॉस्टर केअरमधली (म्हणजे स्वतःच्या आईवडिलांऐवजी सरकारी देखरेखीखाली दुसऱ्या कुटुंबात वाढणारी) मुलं यांच्यामागे मूळ अनुदानाच्या २० टक्के जादा, आणि अशी मुलं ५५ टक्क्यांहून अधिक असतील त्या शाळा-जिल्ह्यांना (म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांना) त्यावर आणखी.

इथे अडचण वेगळी. पैसा शाळा-जिल्ह्याच्या खात्यात येतो, पण ज्या मुलांच्या नावाने आला त्यांच्या वर्गापर्यंत तो पोहोचेलच असं नाही. शिवाय पालकांनी अर्जच भरला नाही, तर मूल गरजू असूनही मोजणीतून सुटतं.

तरीही मी दुसरीच पद्धत निवडेन; मात्र प्रत्येक शाळेवर झालेला खर्च जाहीर करणं कायद्याने बंधनकारक हवं.