क्रोशाचे ९६ चौकोन : आठ महिन्यांनी काय टिकलं?

गेल्या आषाढात पावसाने घरात कोंडलं तेव्हा आईच्या ट्रंकेत स्वेटरच्या उरलेल्या लोकरीचे गुंडे हाती लागले. अख्खा मफलर होईल असा एकही रंग नव्हता. म्हणून ग्रॅनी स्क्वेअर, म्हणजे मधून बाहेर फेऱ्याफेऱ्यांनी विणत जायचे क्रोशाचे चौकोन, करायला घेतले. दिवाळीपर्यंत ९६ झाले. रुखवतात मांडून मग कपाटात कोंबायच्या वस्तू मला करायच्या नव्हत्या, त्यामुळे एकेक वस्तू होईल तशी वापरात काढली. आता धुऊन, पिळून, चहा सांडून झाल्यावर लिहितेय.

आधी लोकरीचा हिशोब, कारण मी फसले तिथेच. तीन खांबांची (खांब म्हणजे क्रोशाचा उभा, उंच टाका) एक जुडी, कोपऱ्यात दोन जुड्या आणि त्यांच्यामध्ये साखळ्या, एवढीच कृती. (अमेरिकन व्हिडिओतला ‘डबल’ आणि ब्रिटिश नमुन्यातला ‘ट्रेबल’ म्हणजे आपला साधा खांबच. हे कळेपर्यंत माझे सहा चौकोन उसवून झाले होते.) पहिल्या फेरीत ४ जुड्या, मग ८, मग १२, चौथ्या फेरीत १६. म्हणजे एकूण ४० पैकी १६ जुड्या एकट्या शेवटच्या फेरीच्या. तुकडेताकडे मध्ये संपवावेत आणि बाहेरच्या फेरीचा रंग एकदमच आणावा. मी मोरपंखी लोकर दोनदा आणली. शेड नंबर तोच, पण लॉट (एका वेळी रंगवलेला गठ्ठा) वेगळा. दुकानात फरक दिसला नाही, गॅलरीतल्या उन्हात लगेच दिसला.

सगळ्यात आधी पिशवी केली. १३ चौकोन तिरके जोडून होते ती. दिसायला फार गोड. मंडईत दोन किलो बटाटे घातले आणि घरी येईस्तोवर पिशवी गुडघ्यापर्यंत लोंबत होती. वाटेत हिरव्या मिरच्या गळाल्या त्या वेगळ्याच. सासूबाईंनी पिशवी उलटी-पालटी करून पाहिली आणि म्हणाल्या, “अगं, हे नुसतं जाळं आहे. अस्तर लाव की याला!” मी मांजरपाटाचं अस्तर शिवलं, पण विणकामापेक्षा बोटभर आखूड, म्हणजे वजन अस्तरावर येतं आणि चौकोन नुसते बाहेरून मिरवतात. विणलेले बंद काढून निवारपट्टी लावली आणि ती थेट अस्तराला टाचली. तेव्हापासून सहा महिने ही पिशवी रोज बाहेर जातेय. तळाशी जरा मळलीय, आकार मात्र जागच्या जागी आहे.

पांघरुणाचीही तीच कथा. ४८ चौकोन, सहा बाय आठ, साधारण ६५ बाय ८५ सेंटिमीटर, सासूबाईंच्या गुडघ्यांवर घ्यायला. २०१६ मध्ये चेन्नईत बायकांनी ११ हजार चौरस मीटरहून मोठं क्रोशाचं पांघरूण जोडून गिनीज विक्रम केला होता. माझी ४८ जोडतानाच मान धरली. त्यातून प्रत्येक चौकोनात चार रंग, म्हणजे आठ टोकं. एकूण ३८४! मी कंटाळून गाठी मारल्या आणि टोकं कापली. दुसऱ्याच धुण्यात सात ठिकाणी गाठी सुटल्या. आता चार बोटं टोक ठेवते आणि पुढची फेरी त्याच्यावरूनच विणते.

पांघरुणात दुसरी अडचण अशी की भोकांतून वारा आत येतो आणि पायाची बोटं बाहेर जातात. तेव्हा सासूबाईंनीच आपलं जुनं सुती नऊवारी काढून दिलं. ते दुहेरी करून मागून लावलं आणि गोधडीला घालतो तसा धावदोरा घातला, पण फक्त चौकोनांच्या जोडांवरून. वरून टाका दिसतही नाही. गोधडीची ऊब आणि क्रोशाचे रंग, दोन्ही मिळालं. आठ महिन्यांतली माझी सगळ्यात आवडती वस्तू हीच. फक्त लुगडं आधी धुऊन घ्या. नवं कापड लावणार असाल तर नक्कीच, नाहीतर ते आटतं आणि विणकाम गोळा होतं.

स्वयंपाकघरात मी चक्क मूर्खपणा केला. त्याच लोकरीचे सहा चौकोन गरम भांड्यांखाली ठेवायला केले. ती ‘लोकर’ म्हणजे अ‍ॅक्रिलिक. गॅसवरून उतरवलेली कढई ठेवली आणि चौकोनावर चकचकीत, कडक कडं उमटलं. ते धुऊन जात नाही, कारण धागाच वितळलेला असतो. गरमाला फक्त सुती धागा, तोही दुहेरी विणलेला. उरलेले पाच आता पाण्याच्या पेल्यांखाली आहेत. अ‍ॅक्रिलिकवर इस्त्रीही फिरवू नका. पावसाळ्यात मात्र ते दोन तासांत वाळतं, सुतीला दोन दिवस लागतात आणि कुबट वास येतो.

उश्यांचे दोन अभ्रे केले, फक्त पुढच्या बाजूला नऊ-नऊ चौकोन. ठीक आहेत. टेकून बसलं की लोकरीला गोळे येतात, ते ब्लेडने हलक्या हाताने काढते.

एक चौकोन लाल-पांढऱ्या सुती धाग्याचा, ब्लाउजच्या पाठीसाठी. पहिल्याच धुण्यात लालचा रंग सुटून पांढरा गुलाबी झाला. मीठ-पाण्यात बुडवून ठेवलं होतं, काही उपयोग झाला नाही. आता धागा ओला करून पांढऱ्या रुमालात रात्रभर दाबून ठेवते, डाग पडला तर तो धागा एकरंगी कामाला. ब्लाउज तरीही घालते. गुलाबी मुद्दाम केलंय असं सांगते. शिंपीदादांनी चौकोनाखाली कागद ठेवून मशीन मारलं, त्यामुळे भोकांत काही अडकलं नाही, आणि कागद नंतर ओढून काढला. अस्तर लावलंय हे सांगायला नकोच.

दहा चौकोन बिस्किटांच्या डब्यात उरलेत. भाच्याच्या स्वेटरची दोन्ही कोपरं विरलीत, त्यातले दोन तिथे जातील. बाकीच्या आठांवर सासूबाईंचा डोळा आहे. त्यांना फोनसाठी गळ्यातली पिशवी हवीय आणि अस्तराचं कापड त्यांनी आधीच काढून ठेवलंय.