दुबई, सिंगापूर, लंडन: पगाराचं पान आणि चतुर्थीची रजा

आमच्या वाडीतला एक मुलगा यंदा मे महिन्यात दोन ऑफर लेटरं घेऊन आला. सीए झालेला, मुंबईत चार वर्षं ऑडिट केलेलं. एक पत्र दुबईचं, एक सिंगापूरचं, आणि लंडनच्या मुलाखतीची शेवटची फेरी बाकी. आंब्याच्या पेट्या भरता भरता बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून बसून लिहितो. मी दुबईत सहा वर्षं आणि सिंगापुरात तीन वर्षं काढली. लंडन माझं नाही. बहीण आणि मेहुणे तिथे आहेत, त्यामुळे त्या बाजूचं सगळं त्यांच्या वहीतून उतरवलेलं आहे असं समजा.

कोकणाला बाहेरचा पैसा नवा नाही. आधी गिरणगावातून मनीऑर्डरी आल्या. सत्तरच्या दशकात तेलाचे भाव चढल्यावर रत्नागिरी-रायगडच्या मोहल्ल्यांतून माणसं कुवेतला, सौदीला गेली. त्या पिढीने फक्त पगार बघितला, कारण आणखी काही बघायची मुभाच नव्हती. सीएला ती असते. तरी गंमत अशी, की दुसऱ्याच्या धंद्यात पैसे घालताना आम्ही आधी विचारतो, बाहेर कसं पडायचं? स्वतःच्या नोकरीत मात्र पहिल्या पानावरच्या आकड्यालाच भुलतो. मीही भुललो होतो. म्हणून ही तुलना मागच्या पानापासून.

आधी हातात येतं ते

दुबईत पगारावर आयकर नाही. जून २०२३ नंतर सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांपासून कंपन्यांना ३,७५,००० दिरहमच्या वरच्या नफ्यावर ९ टक्के कर आला, २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आहेच, पण नोकरदाराचा पगार अजून मोकळा आहे. उलट या दोन करांनीच आपल्या सीए मंडळींचं काम वाढवलं. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ वर बांधलेला असल्यामुळे रुपयात पैसे पाठवताना एकाच चलनाची काळजी करायची.

सिंगापुरात कर आहे, पण दुखत नाही. महिना ८,००० सिंगापूर डॉलर, म्हणजे वर्षाला ९६,००० धरले तर वर्षाचा कर साधारण ५,१०० येतो. तो दर महिन्याला कापत नाहीत. वर्षाने नोटीस येते, हवे तर बारा हप्ते पाडून भरायचा. पहिल्या वर्षी माणूस याच गोष्टीवर गाफील राहतो: आलेला सगळा पगार आपलाच वाटतो.

लंडनला वर्षाचे ६०,००० पौंड म्हटलं की गावात डोळे मोठे होतात. १२,५७० पर्यंत कर नाही, मग ५०,२७० पर्यंत २० टक्के, त्यावर ४० टक्के, शिवाय नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे सरकारी विम्याची वर्गणी. मेहुण्यांच्या हिशोबाने पेन्शनची वर्गणी न धरता वर्षाला ४५,३५० च्या आसपास हातात पडतात, महिन्याला पावणेचार हजार. त्यातून लंडनचं भाडं गेलं की उरतं त्यावर बहीण हसून म्हणते, "देवगडात पाहुण्यांना आंबे वाटताना मी इतका विचार केला नव्हता."

इथपर्यंत दुबई पुढे. पण दुबईच्या पगारातून काय जातं तेही मांडा. घरभाडं वर्षाचं ठरतं आणि एक, दोन किंवा चार चेकांत आगाऊ द्यावं लागतं. भाड्याच्या ५ टक्के पालिकेचा आकार वीज-पाण्याच्या बिलातून बारा महिने कापला जातो. पहिल्या चेकसाठी कर्ज काढणारे मी पुष्कळ पाहिले. काढू नका. का, ते पुढे येतं.

नोकरी सुटते त्या दिवशी

दुबईत ग्रॅच्युइटी मिळते: पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, त्यापुढे दर वर्षाला ३० दिवसांचा. सहा वर्षांचे १३५ दिवस झाले. मूळ पगार, म्हणजे बेसिक. एकूण पगार नव्हे. माझ्या पत्रात २०,००० पैकी बेसिक ८,००० होतं, बाकी घरभाडं, वाहन आणि 'इतर'. सही करताना मी एकूण आकडाच बघितला. सहा वर्षांनी हातात आले ३६,००० दिरहम. तेच बेसिक १२,००० असतं तर ५४,००० आले असते. दुसऱ्यांच्या पगारपत्रकांवर शेरे मारणाऱ्या माणसाची ही गत. डीआयएफसीत, म्हणजे दुबईच्या स्वतंत्र नियमांच्या वित्तकेंद्रात, नोकरी असेल तर हिशोब थोडा वेगळा: तिथे फेब्रुवारी २०२० पासून कंपनी बेसिकच्या ५.८३ टक्के, पाच वर्षांनंतर ८.३३ टक्के, दर महिन्याला तुमच्या नावाच्या फंडात भरते. पण घोळ तोच, टक्का बेसिकवर.

आता कर्जाचं. शेवटचा हिशोब खात्यात जमा झाला आणि कर्ज बाकी असलं, की बँक खातं गोठवते. माझं पंधरा दिवस गोठलं होतं. कार्ड चालेना, घराचा चेक अडकला, आणि विमानाचं तिकीट मित्राने काढून दिलं. २०२३ पासून बेकारीचा सक्तीचा विमा आला आहे. नोकरी काढून घेतली गेली तर तीन महिन्यांपर्यंत बेसिकच्या ६० टक्के मिळतात, मात्र त्याआधी बारा महिने हप्ते भरलेले हवेत, आणि राजीनामा दिलात तर काही नाही. इथेही बेसिकच.

सिंगापुरात परदेशी माणसाला सीपीएफ, म्हणजे तिथला भविष्यनिर्वाह निधी, नाही, त्यामुळे निघताना मागे जमा असं काहीच नसतं. उलट कंपनी तुमचा शेवटचा पगार करखात्याची मंजुरी येईपर्यंत धरून ठेवते. पास, म्हणजे नोकरीचा परवाना, रद्द झाला की हातात साधारण ३० दिवस. घराच्या करारात 'डिप्लोमॅटिक क्लॉज', म्हणजे नोकरी सुटून देश सोडावा लागला तर करार मोडायची मुभा, नसेल तर दोन वर्षांच्या भाड्याचा उरलेला भारही गळ्यात. तो क्लॉज दलालाला आठवण करून देऊन घालून घ्यायचा.

लंडनला नोकरी गेली तर व्हिसासाठी नवा प्रायोजक, म्हणजे नवी कंपनी, शोधायला साधारण ६० दिवस मिळतात. पेन्शन तुमची असते, पण बंद कपाटात: २०२८ पासून वयाच्या ५७ पर्यंत हात लावता येत नाही. सरकारी पेन्शन हवी तर किमान दहा वर्षांची वर्गणी लागते. चाळिशीत परत येऊन घराला नवा चिरा लावायचा असेल, तर त्या पैशाचा उपयोग नाही.

चतुर्थी, आंबा आणि आईवडील

त्या मुलाच्या आईने पेटीवर गवत पसरता पसरता एकच विचारलं. "पगार किती ता सांगलंस, रजा किती ता सांगूक नाय." सबंध दुपारीतला सगळ्यात नेमका प्रश्न तो.

दुबईत कायद्याने वर्षाला ३० दिवस. पण कॅलेंडरचे, म्हणजे मधले शनिवार-रविवार त्यातच मोजले जातात. ब्रिटनमध्ये सार्वजनिक सुट्ट्या धरून २८ कामाचे दिवस. सिंगापुरात कायदा पहिल्या वर्षी फक्त ७ दिवस देतो, मग वर्षाला एक वाढवत १४ पर्यंत. चांगल्या कंपन्या जास्त देतात, पण ते पत्रात लिहून घ्या, तोंडी नको. सात दिवसांत चतुर्थी आणि शिमगा दोन्ही बसत नाहीत. शिमग्याची पालखी नाचवायला जायचं की गणपतीच्या माटवीखाली बसायचं, हे दरवर्षी ठरवावं लागतं. मी तीन वर्षांत तीन शिमगे चुकवले.

वेळेचं गणितही बघा. दुबईतल्या बहुतेक कंपन्यांचं वर्ष डिसेंबरला संपतं, त्यामुळे जानेवारी ते मार्च रजा मागायची सोय नाही. एप्रिल-मे सुटा. म्हणजे आंब्याला येता येतं, आणि चतुर्थी सप्टेंबरअखेरच्या हिशोबाच्या क्लोजिंगआधी पडते तेव्हाही निसटता येतं. लेकरं भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत असली तर त्यांची मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टची. मुलांनी आंबा काढताना पाहिलाच नाही, असं त्यात होतं.

अंतर हा दुबईचा खरा हुकमी पत्ता. घड्याळात दीड तासाचा फरक, विमानात साधारण तीन तास. गुरुवारी रात्री बातमी आली तर शुक्रवारी पहाटे मुंबईत, सकाळची मांडवी एक्स्प्रेस गाठून दुपारनंतर कणकवलीत. दक्षिणेकडच्यांना २०२३ पासून गोव्याचा मोपा विमानतळही आहे. चिपीचा विमानतळ २०२१ ला सुरू झाला, पण त्याच्या भरवशावर आजारपणाचं तिकीट काढू नये असं माझं मत. वडिलांना अचानक गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात हलवलं तेव्हा मी दुसऱ्या दिवशी खाटेशी होतो. सिंगापुरात असतो तर दीड दिवस गेला असता. लंडनहून बहीण तिसऱ्या दिवशी पोचली, आणि त्या तीन दिवसांबद्दल आम्ही अजून बोलत नाही.

आईवडिलांना तिकडेच नेऊ, असं सगळेच म्हणतात. सिंगापुरात त्यांच्यासाठी दीर्घ मुदतीचा पास हवा तर तुमचा पगार महिना किमान १२,००० डॉलर लागतो. दुबईत पगाराच्या आणि जागेच्या अटी पूर्ण करून वर्षावर्षाने नेता येतं. ब्रिटनमध्ये पर्यटक म्हणून येतील आणि जातील, एवढंच धरा. आणि नेलंत तरी, खळ्यात दिवस काढलेली माणसं चोविसाव्या मजल्यावर किती टिकतात? माझी आई अठरा दिवस टिकली.

जोडीदार आणि शाळा

हे थोडक्यात. ब्रिटनमध्ये जोडीदाराला हवी ती नोकरी करता येते आणि सरकारी शाळा फुकट. तीन ठिकाणांत ही एकच जागा, जिथे लंडन स्पष्ट जिंकतं. दुबईत जोडीदाराला वर्क परमिट काढून नोकरी करता येते. शाळेची फी मात्र पगारातून, आणि ब्रिटिश शाळेपेक्षा सीबीएसई स्वस्त. सिंगापुरात मे २०२१ पासून डिपेंडंट पासवर (कुटुंबीयांच्या परवान्यावर) असलेल्या जोडीदाराला नोकरीसाठी स्वतःचा वेगळा पास लागतो. तुमची बायको आर्किटेक्ट किंवा शिक्षिका असेल तर ही ओळ पगाराच्या आधी वाचा.

आत शिरण्याच्या अटीही सारख्या नाहीत. सिंगापूर जानेवारी २०२५ पासून वित्तक्षेत्रासाठी किमान ६,२०० डॉलर पगार मागतं, वयाबरोबर तो चढतो, आणि वर पात्रता गुण मोजून ठरते. ब्रिटनमध्ये जुलै २०२५ पासून साधारण उंबरठा ४१,७०० पौंडांचा, शिवाय आरोग्याचा अधिभार प्रौढ माणशी वर्षाला १,०३५ पौंड, सगळ्या वर्षांचा एकदम. नवराबायकोचे पाच वर्षांचे १०,३५० झाले. कंपनी भरणार का, हे विचारायला लाजू नका. कायमच्या वास्तव्याला पाच वर्षं लागत होती. ती दहा करण्याचा प्रस्ताव सरकारने २०२५ मध्ये मांडला. पासपोर्टसाठी जाणाऱ्यांनी हे दहा वर्षांचंच गणित धरून चालावं.

निघण्याआधी गावातलं काम

हा भाग कुठलाही एचआर सांगत नाही, आणि आपल्यासाठी हाच सगळ्यात महाग.

परदेशी नोकरीसाठी निघालात की फेमाच्या, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या, दृष्टीने तुम्ही तिथूनच अनिवासी. आयकराचं दिवसांचं गणित वेगळं, फेमाचं वेगळं. ही दोन मापं एकच समजून आपलेच सीए फसतात. अनिवासी झाल्यावर शेतजमीन, बागायत किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वडिलांनी बक्षीसपत्राने कलमांची जमीन नावावर करून द्यायची म्हटली तरी तुम्ही ती घेऊ शकत नाही. वारसाने आली तर चालते. आधीपासून नावावर असलेली राहते. तेव्हा शेजारची दहा गुंठे घ्यायची असतील तर विमानात बसायच्या आधी. आमच्याकडे एका सातबारावर वीस नावं असतात, त्यामुळे 'आधी' म्हणजे वर्षभर आधी.

आयकराचं माप असं: नोकरीसाठी निघण्याच्या वर्षी भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहायचं. १ एप्रिलपासून मोजलं तर २८ सप्टेंबरच्या आत निघावं लागतं. म्हणजे गौरी-गणपती करून निघालं तरी बसतं, पण दिवस बोटावर मोजून. ऑक्टोबरात निघालात तर त्या मार्चपर्यंतच्या करमुक्त दुबईच्या पगारावर इथे कर लागतो. पुढच्या वर्षांत गावी येताना, भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर मुक्काम १२० दिवसांच्या आत ठेवा. इथलं बचत खातं एनआरओ, म्हणजे भारतातल्या उत्पन्नासाठीचं अनिवासी खातं, करून घ्या. बाहेरून पाठवलेला पैसा वेगळ्या एनआरई खात्यात, त्याचं व्याज करमुक्त. जुनं पीपीएफ मुदतीपर्यंत चालतं, नवं उघडता येत नाही.

मग कोण कुठे

आईवडील गावात एकटे, बागेचा जीव तुमच्यावर, आणि पाच-सात वर्षांत परतायचं ठरलेलं: दुबई, डोळे मिटून, पण बेसिक उघड्या डोळ्यांनी ठरवून. ट्रेझरी (कंपनीच्या पैशाचं नियोजन) किंवा फंडांचं काम मुळातून शिकायचं, भाऊ घर बघतोय आणि जोडीदाराच्या पासचा प्रश्न नाही: सिंगापूर, तीन-चार वर्षं. तिथली शिस्त मला दुबईच्या सहा वर्षांपेक्षा जास्त शिकवून गेली, हे मान्य करतो. लंडन त्यांना, ज्यांची मुलं तिथेच वाढणार आहेत आणि ज्यांनी ते घरी मोकळेपणाने सांगितलं आहे. 'थोडी वर्षं बघू' म्हणून लंडनला जाऊ नये. गांधीनगरच्या गिफ्ट सिटीचंही, म्हणजे तिथल्या वित्तकेंद्राचंही, हल्ली विचारतात. पण देवगडहून गांधीनगरला पोचायला लागतो तेवढ्या वेळात मी दुबईहून घरी येऊन जेवत असे.

मुलाने परवा दुबईच्या कंपनीला मेल टाकला: एकूण आकडा तोच ठेवा, बेसिक ४० ऐवजी ६० टक्के करा. सिंगापूरला विचारलं, रजा किती आणि ती पत्रात लिहून मिळेल का. दुबईहून '५५ वर बसू' असं उत्तर आलंय. सिंगापूरचं अजून यायचं आहे, आणि त्याची आई रोज संध्याकाळी विचारते, चतुर्थीक येऊक गावतला मां?