पत्र्याच्या खोलीतील सुतारकामासाठी डेझर्ट कूलर: पुण्याच्या उन्हाळ्यात घेतलेली परीक्षा

गच्चीवर पत्र्याची खोली बांधून तिथे हौसेने सुतारकाम करणाऱ्यांची मार्च संपता संपता एकच तक्रार सुरू होते: दुपारी बारानंतर आत उभे राहवत नाही. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत कमाल तापमान ३८ ते ४० अंशांच्या आसपास असते, काही दिवस त्याच्याही वर जाते, आणि पत्र्याखाली तर अंगावर वरून शेक बसतो. त्यात बाराशे-चौदाशे वॅटची करवत किंवा लाकडात खाचा कोरणारा राउटर चालवला, की यंत्राने खाल्लेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत उरते. सिंहगड रस्त्यावरील माझ्या अशाच खोलीसाठी, जी साधारण बारा बाय सोळा फुटांची आहे, मी ७० लिटर टाकीचा आणि हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारख्या घरांच्या) पॅडचा डेझर्ट कूलर घेतला. कंपनीचे नाव देत नाही, कारण पुढे जे लिहिले आहे ते या आकाराच्या कोणत्याही चांगल्या कूलरला लागू पडेल.

कूलर पुण्यात चालतो की नाही, हा प्रश्न दुपारच्या आर्द्रतेवर ठरतो. तापमान ३९ अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक सुमारे २२ अंश दाखवतो. कूलर हवा जास्तीत जास्त त्या अंशापर्यंत नेऊ शकतो आणि चांगले पॅड ३९ आणि २२ मधील फरकाचा तीन चतुर्थांश भाग प्रत्यक्षात कापतात. म्हणजे जाळीतून बाहेर पडणारी हवा २६-२७ अंशांची असते. मुंबईत ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेच्या दुपारी हाच कूलर हवा चार-पाच अंशांपेक्षा जास्त गार करणार नाही. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात मात्र तो खरोखर उपयोगी आहे, आणि वीजही फार खात नाही: माझा कूलर दोनशे वॅटच्या आत चालतो, तर दीड टनी एसीला दीड हजाराच्या आसपास लागतात. शिवाय लाकडाचा बारीक भुसा एसीच्या जाळीत आणि कॉइलवर जाऊन बसतो, त्यामुळे जिथे रोज रंधा आणि सँडर (लाकूड घासण्याचे यंत्र) चालतो तिथे एसीचा विचारच मी केला नाही.

टाकीत बर्फाची लादी टाकण्याचा सल्ला विक्रेत्यापासून शेजाऱ्यांपर्यंत सगळेच देतात. तो मनावर घेऊ नये. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषतो, त्याच्या सुमारे सातपट उष्णता एक लिटर पाणी वाफ होताना घेऊन जाते. कूलरची ताकद पाणी उडून जाण्यात आहे, पाणी गार असण्यात नाही. कडक दुपारी भरलेली टाकी सहा-सात तास पुरते. ज्यांच्याकडे उन्हाळ्यात पाणी एक दिवसाआड येते त्यांनी हा खर्च आधीच हिशेबात धरावा.

जागा निवडणे हा या खरेदीतील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि दुकानात त्याविषयी कोणीही बोलत नाही. कूलर खोलीच्या आत ठेवला तर तो तीच दमट हवा पुन्हा पुन्हा ओढतो, तासाभरात आत घुसमट होते, आणि सँडरची पिठासारखी धूळ ओल्या पॅडवर बसून तिचा चिखल होतो. तो खिडकीबाहेर, गच्चीच्या सावलीच्या बाजूला ठेवावा, त्याने बाहेरची कोरडी हवा ओढावी आणि समोरच्या भिंतीत वरच्या अंगाला १२ इंची एक्झॉस्ट पंखा असावा. हवेला बाहेर पडायला वाट दिली नाही, तर महागडा कूलरही कुचकामी ठरतो. अशी मांडणी केली, की आत येणारा झोत उडती धूळ एक्झॉस्टकडे ढकलतो. मात्र जमिनीवर बसलेला भुसाही त्यामुळे उडतो, तेव्हा यंत्राला जोडलेला व्हॅक्यूम आणि तोंडावरचा मास्क यांना सुट्टी नाही.

पण कूलरला एकट्याला सगळे श्रेय देणे बरोबर होणार नाही. पत्र्यावर उष्णता परावर्तित करणारा पांढरा रंग दिला आणि त्याच्या वर फूटभर अंतर सोडून हिरवी शेडनेट ताणली, तेव्हा खोलीत जो फरक पडला तो कूलर सुरू करण्याच्या आधीचा होता. ज्यांना दोन्हींपैकी एकच खर्च परवडेल त्यांनी आधी छपराकडे बघावे. तापलेला पत्रा खालच्या माणसाला थेट किरणांनी भाजतो आणि हवा कितीही गार केली तरी ते किरण अडत नाहीत. दोन्ही उपाय झाल्यावर बाहेर ३९ अंश असताना माझ्या कामाच्या बाकाजवळ पारा ३१-३२ च्या दरम्यान राहतो. एवढ्यावर दुपारभर पटाशी चालवता येते.

आता लाकडाच्या बाजूने बोलायला हवे, कारण कूलर विकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दिवाणखाना असतो. २० टक्के आर्द्रतेच्या हवेत लाकूड हळूहळू चार टक्क्यांच्या आसपासच्या ओलाव्यावर येऊन थांबते. कूलरमुळे आर्द्रता ६० टक्क्यांवर गेली, की तोच आकडा अकराकडे सरकतो. सपाट चिरलेल्या ३०० मिलिमीटर रुंद सागवानी फळीतील ओलावा चार टक्क्यांनी बदलला, तर तिची रुंदी सुमारे दोन मिलिमीटरने हलते. एका दुपारीत एवढे होत नाही, पण झोतासमोर उभी करून ठेवलेली पातळ फळी एका अंगाने ओलावा घेते, ते अंग फुगते आणि संध्याकाळपर्यंत फळीवर सरळपट्टी ठेवली तर कडांपाशी उजेड दिसतो. म्हणून भवानी पेठेतील टिंबर मार्केटमधून आणलेला माल मी झोताच्या वाटेबाहेर, पट्ट्यांवर आडवा रचून ठेवतो, आणि रुंद पॅनेल जोडायचे असेल त्या दिवशी कूलरची जाळी माणसाकडे वळवतो, बाकाकडे नाही.

ओतीव लोखंडाचे टेबल असलेल्या यंत्रांना याहून मोठा धोका आहे. पूर्ण वेगावर पंखा ठेवला, की पॅडमधून अधूनमधून बारीक तुषार बाहेर येतात. ते टेबल सॉच्या घासून चकचकीत केलेल्या पृष्ठभागावर पडले, की दुसऱ्या दिवशी तिथे मोहरीएवढे तपकिरी ठिपके दिसतात. मध्यम वेग ठेवावा, पृष्ठभागावर मेणाचा पातळ हात द्यावा आणि काम संपल्यावर आधी पंप बंद करून पंखा अर्धा तास नुसता चालू ठेवावा. त्याने पॅडही वाळतात आणि कुबट वास येत नाही. लाखेचे स्पिरिट पॉलिश करताना कूलर पूर्ण बंदच हवा, कारण दमट हवेत स्पिरिट उडताना पृष्ठभागावर ओल धरते आणि पॉलिश पांढरट पडते. पांढऱ्या फेविकॉलच्या बाबतीत मात्र उलटा अनुभव आहे: कोरड्या, तापलेल्या हवेत कुसू (खाचेत बसणारे लाकडाचे टोक) बसवण्याआधीच गोंदावर साय धरते, कूलर चालू असताना सांधा जुळवायला सवड मिळते.

देखभालीत बोअरचे पाणी ही खरी डोकेदुखी आहे. त्यातील क्षार पॅडच्या कडांवर पांढऱ्या खपल्यांच्या रूपाने जमतात, त्यामुळे टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासावी लागते. डासांसाठीही ते आवश्यकच आहे. डेंग्यूचे डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतात. पंप बिघडला तर पुण्यातील विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत तो काही शेकड्यांत मिळतो आणि घरी बदलता येतो. पाणी आणि वीज एकाच पेटीत असल्याने अर्थिंग तपासून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय कूलर वापरू नये. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली, की हा सगळा खटाटोप ठप्प होतो, हे वेगळे सांगायला नको.

वळवाच्या पहिल्या सरीनंतर दोन-तीन दिवस कूलर निरुपयोगी होतो आणि जूनमध्ये पाऊस स्थिरावला, की तो झाकून ठेवण्याच्याच लायकीचा उरतो. म्हणजे वर्षातील जेमतेम अडीच महिन्यांसाठी हा अकरा-बारा हजारांचा खर्च आहे. जे दुपारी काम करतात त्यांना तो वसूल होईल. सकाळी सहा ते दहा एवढ्याच वेळात काम उरकणाऱ्यांनी पांढरा रंग, शेडनेट आणि एक्झॉस्ट पंखा एवढ्यावरच थांबावे.