सेमी-सॉफ्ट लेन्सचे आठ महिने, नागपूरच्या धुळीत

दुकानदार या कॉन्टॅक्ट लेन्सला ‘सेमी-सॉफ्ट’ म्हणतात. नावावर जाऊ नका. बोटांत धरली तर शर्टाच्या बारीक बटणाएवढी आणि तशीच टणक. सॉफ्टपणा औषधालाही नाही. खरं नाव आरजीपी, रिजिड गॅस परमिएबल, म्हणजे कडक, पण ऑक्सिजन आरपार जाऊ देणारी. गेल्या दिवाळीनंतर मी ती लावायला लागले, आता जून संपत आलाय. मधल्या काळात हिवाळा, होळी, नवतपा असं सगळं डोळ्यात लेन्स ठेवून काढलं. पहिल्या आठवड्यात ‘पैसे पाण्यात गेले’ असं मी निदान दहा जणांना सांगितलं होतं. ते दहा जण आता ‘काय झालं मग?’ विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

मी गांधीबागेत एका कापडाच्या ठोक व्यापाऱ्याकडे हिशेब बघते. बिल्टीवरचे 3 आणि 8 मला सारखे दिसायला लागले, तेव्हा आधी दोष कार्बन कॉपीला दिला. मग चष्म्याला. दर सहा महिन्यांनी नंबर बदलायचा, तिरपा नंबर तर वाढतच चालला होता. एका दुकानदाराने तीनदा काचा बदलून दिल्या आणि चौथ्यांदा ‘मॅडम, तुम्हीच नीट सांगत नाही’ असं ऐकवलं. रात्री मानेवाड्याकडे घरी जाताना समोरच्या गाडीचा एक दिवा पाच-सहा दिसायचा, एकाखाली एक ओघळल्यासारखा. शेवटी रामदासपेठेत दाखवलं. तिथे डोळ्याचा रंगीत नकाशा काढला, त्यात खालच्या बाजूला लाल डाग. केराटोकोनस. कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, पातळ होत होत पुढे टोकदार होतो, आणि त्याचा तो आकार चष्म्याच्या काचेने भरून निघत नाही.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं ते मला अजून आठवतं. उंचसखल जमिनीवर चादर अंथरली तर चादरही उंचसखलच होणार. ती सॉफ्ट लेन्स. त्याच जमिनीवर पाट ठेवला तर वरून सपाट. ती ही लेन्स. पाटाखालची पोकळी आपलेच अश्रू भरून काढतात. लेन्सने आजार थांबत नाही हेही त्यांनी तेव्हाच स्पष्ट केलं. थांबवायचं काम सी-थ्री-आर नावाच्या, कॉर्निया टणक करायच्या उपचाराचं, ते माझ्या डाव्या डोळ्याचं दोन वर्षांपूर्वी झालंय. आणि डोळे चोळायची सवय कायमची बंद.

ट्रायलला चांगला दीड तास गेला. पेटीतली एकेक लेन्स घालायची, डोळ्यातून धारा लागायच्या, वीस-पंचवीस मिनिटं बसायचं, धारा थांबल्या की केशरी पट्टी टेकवून निळ्या उजेडात बघायचं. केशरी रंग आत गेला की हिरवा चमकतो, आणि लेन्स कुठे टेकली, कुठे पाणी साचलं ते त्यावरून कळतं. टोकावर जास्त टेकली तर तिथे घासून व्रण पडू शकतो, फार घट्ट बसली तर खाली बुडबुडे अडकतात. तुमच्याकडे कोणी नुसता चष्म्याचा नंबर बघून आरजीपी मागवून देत असेल तर उठून या. माझं चष्म्याने जिथे वरच्या दोन-तीन ओळींवर थांबायचं, तिथे ट्रायल लेन्सने मी तक्त्यावरची पार खालची, सहा-नऊची ओळ वाचली. त्याच भरात ऑर्डर दिली.

तक्रार पुढची. लेन्स ताब्यात मिळाली त्या दिवशी शिकवायला जो मुलगा होता, त्याच्यामागे सहा पेशंट. त्याने दोनदा घालून दाखवली, एकदा मी घातली, काढताना त्यानेच प्लंजर, म्हणजे रबराची चिमुकली शोषणी, लावून टपकन काढली. ‘जमेल हो ताई, सवयीने होते.’ पंधरा मिनिटांत मी रस्त्यावर.

घरी संध्याकाळी उजवी लेन्स चौथ्या प्रयत्नात बसली. दोन तास ठेवायची होती, ठेवली. मग काढायला बोटाने पापणी ओढली आणि लेन्स बुबुळावरून सटकून कानाकडच्या पांढऱ्या भागात जाऊन चिकटली. आरशात तिची हिरवी कड दिसत होती, पण हातात येत नव्हती. आई मागे उभी. ‘डोळ्याच्या मांगं तर नाही ना जाणार ते?’ मलाही नेमकी तीच भीती. क्लिनिक बंद झालेलं, त्या मुलाचा फोन उचलला जाईना, आणि आई शेजारच्या काकूंना हाक मारायला निघालेली.

मागे जाऊ शकत नाही. पापणीच्या आतलं पातळ कातडं वळून डोळ्याच्या पांढऱ्या भागालाच जोडलेलं असतं, पिशवीला तळ असतो तसं. हे वाक्य त्या मुलाने त्या पंधरा मिनिटांत सांगितलं असतं तर तो पाऊण तास वाचला असता. शेवटी सलाइनचे थेंब घातले, डोळा मिटून शंभर आकडे मोजले, मग नाकाकडे बघत पापणीची कड लेन्सच्या मागे टेकवून धरली आणि नजर हळूहळू लेन्सकडे आणली. बुबुळ आपणहून तिच्याखाली आलं. बोटाने ढकलली असती तर ओरखडा पडला असता.

म्हणून माझं म्हणणं असं की क्लिनिकमधून निघायच्या आधी लेन्स स्वतःच्या हाताने पाच वेळा काढून दाखवा. घालणं नंतर येतं. मला घालायला इतका वेळ का लागत होता हे मागाहून कळलं: बोट डोळ्याजवळ आलं की ‘निघाली नाही तर?’ हा विचार आधी यायचा आणि पापणी मिटायची. काढायचा हात बसला त्याच्या दुसऱ्याच दिवशी घालणं पहिल्या फटक्यात जमलं.

काढायचे दोन प्रकार आहेत. एक पापणीचा: मान खाली, तळहात डोळ्याखाली धरायचा, डोळे मोठे करायचे, बाहेरच्या कोपऱ्याला बोट लावून कानाकडे ताणायचं आणि जोरात मिचकवायचं. दोन्ही पापण्यांच्या कडा लेन्सला चिमटीत धरतात आणि ती तळहातात पडते. पहिल्यांदा पडली तेव्हा मी बेसिनपुढे ओरडले होते. दुसरा प्रकार प्लंजर, तीच रबराची शोषणी. सोपा आहे, पण एक पथ्य. लेन्स बुबुळावर आहे ना हे आधी बघायचं. दुसरा डोळा झाकून समोरचं कॅलेंडर धूसर दिसलं तर लेन्स जागेवर नाही. मी एकदा घाईत नुसत्या डोळ्यालाच प्लंजर लावला. त्या अनुभवाचं वर्णन करत नाही.

घालताना माझं ठरलेलं तंत्र आहे. पंखा बंद, बेसिनचं भोक बंद. साबणाने हात धुवायचे आणि टॉवेलला पुसायचे नाहीत, झटकून वाळवायचे. दिवसभर कापडाच्या ठाणांत वावरते, घरचे टॉवेलही तसेच. एक तंतू लेन्सखाली गेला की सगळं पहिल्यापासून. आरसा भिंतीवरचा नको, टेबलावर आडवा ठेवायचा आणि त्यावर वाकायचं. लेन्स तर्जनीवर वाटीसारखी, तिच्यात सोल्यूशनचा थेंब. त्याच हाताच्या मधल्या बोटाने खालची पापणी खाली, दुसऱ्या हाताने वरची पापणी वर, आणि तीही पापण्यांच्या केसांच्या मुळाशी धरून. नुसती भुवई ओढून काही होत नाही, डोळा मिटतोच. मग आरशातल्या आपल्याच डोळ्याकडे बघत राहायचं. बोटाकडे बघितलं की संपलं. शेवटी तर लेन्स बोटावरून उडी मारल्यासारखी आपणहून डोळ्याला लागते.

आता ‘खुपते का?’ खुपते. पहिले दहा दिवस पापणीखाली कुसळ असल्यासारखं वाटायचं. मला वाटत होतं की डोळ्याला टोचतंय. खरं तर प्रत्येक मिचकावण्याला वरची पापणी लेन्सच्या कडेवरून घासत जाते आणि कुरकूर तिची असते. पुरावा हवा तर खाली बघा, लगेच बरं वाटतं. म्हणून मी पहिले दिवस मान वर, नजर खाली अशा थाटात दुकानात बसायचे. शेटजी म्हणाले, ‘काय बाई, काहून रागावून राहिल्या?’ वेळापत्रक होतं पहिल्या दिवशी दोन तास, मग रोज एक तास वाढवायचा. तिसऱ्या आठवड्यात दहा तासांवर आले. मध्ये सर्दीने चार दिवस सुटली, तर पुन्हा चार तासांपासून सुरू करावं लागलं.

मिचकवायलाही नव्याने शिकावं लागलं. खुपू नये म्हणून आपण नकळत अर्धंच मिचकवतो, मग लेन्सच्या दोन्ही बाजूंचा पांढरा भाग कोरडा पडून लाल होतो. मला पहिल्या तपासणीत तेच निघालं. टॅलीत एक पान भरलं की दहा वेळा पूर्ण, सावकाश मिचकवायचं, असं ठरवून घेतलं. 1888 साली अडॉल्फ फिक नावाच्या डॉक्टरने काचेची लेन्स आधी सशांच्या डोळ्यांत आणि मग स्वतःच्या डोळ्यात घालून बघितली होती म्हणे. सशांनी किती दिवसांत जुळवून घेतलं असेल याचा विचार मी त्या दहा दिवसांत बराच केला.

नागपूरचा भाग वेगळाच. ही लेन्स जेमतेम नऊ-दहा मिलिमीटरची, डोळ्यावर तरंगती, त्यामुळे कडेखालून धूळ शिरते. आणि शिरली की नुसतं खुपत नाही, सुई टोचल्यासारखी कळ येते आणि दुसराही डोळा सहानुभूतीने पाझरतो. अशा वेळी गाडी डाव्या बाजूला घेऊन थांबण्याला पर्याय नाही. मी सक्करदऱ्याच्या चौकात दोनदा थांबले आहे. तोंडाला ओढणी, त्यावर बाजूने बंद असलेला गॉगल आणि हेल्मेटची काच खाली असा अवतार केला तेव्हा कुठे निभावलं. पर्समध्ये प्लंजर, डबी आणि सोल्यूशनची छोटी बाटली कायम.

मे महिन्यात मला भीती उन्हाची होती, पण त्रास कूलरने दिला. हवा ओलसर असली तरी झोत थेट चेहऱ्यावर आला की डोळ्यावरचं पाणी उडून जातं आणि लेन्स चिकटल्यासारखी होते. दुकानात माझी खुर्ची बरोबर कूलरच्या तोंडाशी, म्हणजे एरवी सगळ्यांना हेवा वाटावा अशी जागा. ती मी नवतप्यात स्वतःहून सोडली. नागपुरात यापेक्षा मोठा त्याग नाही. डॉक्टरांनी सांगितलेले प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब दिवसातून तीन-चारदा घालते. आईचा गुलाबजलाचा आग्रह नम्रपणे परतवला. पाण्याचं तर नावच नको. नळाचं नाही, आरओचंही नाही. पाण्यात अकांथअमीबा नावाचा जीव असू शकतो आणि तो कॉर्नियात शिरला तर नजर जाऊ शकते. आंघोळीला, झोपायला, होळीला लेन्स डबीत.

आणि सावजी. आतेभावाकडे रात्री सावजी मटण झालं, हाताने ओरपलं, साबणाने एकदा हात धुतला आणि घरी येऊन लेन्स काढायला गेले. पुढची वीस मिनिटं मी कोणाशी काही बोलले नाही. तेव्हापासून बाहेर जेवायचं असेल तर जेवण चमच्याने, नाहीतर लेन्स आधीच डबीत.

निगेचं फार अवघड नाही. रात्री तळहातावर क्लीनरने हलकं चोळायचं, सलाइनने धुवायचं, डबीत रोज ताजं सोल्यूशन, आठवड्यातून एकदा प्रोटीन काढायचं औषध. फक्त सोल्यूशन आरजीपीचंच घ्या. सॉफ्ट लेन्सचं कोणत्याही मेडिकलमध्ये मिळतं, हे मला दोनदा मागवून घ्यावं लागलं, म्हणून बाटली अर्धी झाली की सांगून ठेवते. माझी उजवी हिरवी, डावी निळी आहे, तरी एकदा अदलाबदल करून सकाळभर ‘नंबर वाढला’ म्हणून रडले. खाली पडली तर आधी कोणालाही हलू देऊ नका. मोबाइलचा उजेड जमिनीलगत आडवा धरला की चमकते. नखाने उचलू नका, ओल्या बोटाने उचला.

खर्च दोन्ही डोळ्यांचा मिळून माझ्या महिन्याच्या घरभाड्याहून जास्त आला. साधा नंबर असेल तर हा खटाटोप करू नका, चष्मा बरा. केराटोकोनस असेल तर मी परत घेईन, हे सगळं माहीत असूनही. धूळ सहनच होत नसेल तर पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी स्क्लेरल लेन्स असते. तिच्याखाली धूळ सहसा जात नाही, पण खिशाला जास्त लागते. माझं तूर्त गॉगलवर भागतंय.

सध्या डावी लेन्स दुपारनंतर थोडी खाली घसरून बसते आणि दिव्यांना शेपट्या दिसतात. तपासणी पुढच्या सोमवारी आहे, फिटिंग बदलावं लागेल असं दिसतंय. तिथे गेल्यावर त्या शिकवणाऱ्या मुलापुढे बसलेल्या नवीन पेशंटला मी एकच विचारणार आहे: ‘स्वतः काढून बघितली का?’