पुण्यात कायम नोकरी, कंत्राटी काम की सोलापुरातून रिमोट? सावरत्या आयटी भरतीचा तुलनात्मक आढावा

मंदीनंतर आयटीतील भरती सगळीकडे एकदम सावरत नाही. साधारणपणे आधी कंत्राटी माणसे घेतली जातात, मग नेमके कौशल्य असलेल्या अनुभवी उमेदवारांना मागणी येते आणि फ्रेशरची, म्हणजे नुकतीच पदवी घेतलेल्या अननुभवी उमेदवाराची, पाळी शेवटी येते. मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात अमेरिकेतील व्याजदर शून्यालगतच्या पातळीवरून ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर गेले, तेथील ग्राहकांनी नवे प्रकल्प लांबणीवर टाकले आणि २०२३-२४ या एका वर्षात टीसीएसची कर्मचारीसंख्या १३,२४९ ने, तर इन्फोसिसची २५,९९४ ने घटली. पुढच्या वर्षी दोन्हीकडे प्रत्येकी सहा हजारांहून अधिक माणसे वाढली. तरीही जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के मनुष्यबळ कमी करण्याचे जाहीर केले. तीन-चार वर्षांचा अनुभव असलेल्या सोलापूरकराला निवड करायची आहे ती अशा अर्धवट सावरलेल्या बाजारात.

मोठ्या सेवा कंपनीतील कायम नोकरीत पीएफ, विमा आणि गृहकर्जाच्या वेळी उपयोगी पडणारे नाव मिळते. मात्र ‘कायम’ हा शब्द आता पूर्वीइतका भक्कम राहिलेला नाही. टीसीएसने जून २०२५ पासून वर्षाला किमान २२५ दिवस बिलेबल काम (ज्याचे पैसे ग्राहकाकडून मिळतात असे) आणि बेंचवर, म्हणजे प्रकल्पाविना, जास्तीत जास्त ३५ दिवस, असा नियम केला. शिवाय नोटीस पीरियड बहुधा ९० दिवसांचा असतो, आणि भरती नुकती सुरू झालेली असताना कंपन्यांना लगेच रुजू होणारा माणूस हवा असतो.

हिंजवडी-खराडीतील परदेशी कंपन्यांच्या केंद्रांत थर्ड पार्टी पेरोलवर, म्हणजे मनुष्यबळ पुरवणाऱ्या दुसऱ्याच कंपनीच्या पगारपटावर, मिळणाऱ्या कंत्राटी कामाचे पॅकेज बहुतेकदा मोठे दिसते. म्हणूनच येथे हिशेब नीट मांडायला हवा. समजा, कायम नोकरी आठ लाखांची आहे आणि कंत्राट नऊ लाखांचे. दोन कंत्राटांच्या मध्ये दोन महिने रिकामे गेले, तर दीड लाख बुडतात आणि हातात राहतात साडेसात. पण काम क्लाउड किंवा डेटा इंजिनिअरिंगचे असेल आणि सध्याच्या कंपनीत निव्वळ सपोर्टची तिकिटे (ग्राहकांच्या तक्रारींच्या नोंदी) बंद करावी लागत असतील, तर हा तोटा सोसावा असे माझे मत आहे. घराचा हप्ता चालू असेल तर मात्र नाही.

सोलापुरात राहून रिमोट काम करण्यात पुण्याचे भाडे वाचते आणि आईवडिलांजवळ राहता येते. नेमणूक कर्मचारी म्हणून आहे की सल्लागार म्हणून, हे आधी पाहावे, कारण सल्लागाराला टीडीएस कापून रक्कम मिळते, पीएफ मिळत नाही. ऑफिसला बोलावण्याची अट पुढे लागू झाली, तर महिन्यातून दोन-चार फेऱ्या वंदे भारत किंवा हुतात्मा एक्स्प्रेसने निभावतील. आठवड्यातून तीन दिवस ते जमणार नाही, कारण पुणे स्टेशनवरून हिंजवडी गाठणे हा वेगळाच प्रवास आहे.

फ्रेशरने कंत्राटाच्या वाटेला जाऊ नये. वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपासचा पगार कमी वाटला, तरी पहिल्या वर्षी कंपनीच्या खर्चाने मिळणारे प्रशिक्षण त्याच्या अधिक उपयोगाचे असते. फक्त ऑफर लेटर मिळाले म्हणून इतर मुलाखती थांबवू नयेत: २०२२ च्या तुकडीतील काहींना रुजू होण्यासाठी दोन वर्षांच्या आसपास वाट पाहावी लागली होती.