एलटीस्पाइस आठ महिने वापरून: चार फेजचा बक आणि एक थंड फेज

गेले आठ महिने एका बोर्डापायी रोज एलटीस्पाइस (सर्किट कॉम्प्युटरवर चालवून बघायचं सॉफ्टवेअर) उघडतोय. १२ व्होल्टचे १ व्होल्ट, ६० अँपिअर, चार फेजचा बक (व्होल्टेज खाली उतरवणारं सर्किट; फेज म्हणजे करंट वाटून घेणारी एकेक सारखी शाखा), प्रत्येक फेज ५०० किलोहर्ट्झवर आणि एकमेकींपासून ९० अंशांवर. फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं, ते सगळ्यांना माहितीये.

लोड दिला की थर्मल कॅमेऱ्यात तीन फेज तापलेल्या आणि चौथी निवांत. मी येड्यासारखा पंधरा दिवस त्या तापलेल्या तिघींच्या मागे लागलो, मॉसफेट (स्विचिंगचे ट्रान्झिस्टर) बदल, त्यांचे गेट रेझिस्टर बदल, डेड टाइम (दोन्ही स्विच बंद असतात तो क्षण) बघ, काही फरक नाही. सिम्युलेशनमध्ये मात्र चारही फेज १५-१५ अँपिअर, एकदम गुणी बाळं.

मग सेन्सिंगकडे वळलो. करंट इंडक्टरच्याच (प्रत्येक फेजमधल्या कॉइलच्या) डीसीआरवरून, म्हणजे तिच्या तारेच्या स्वतःच्या रेझिस्टन्सवरून मोजतोय, तो ०.३ मिलिओहम, म्हणजे १५ अँपिअरला जेमतेम ४.५ मिलिव्होल्ट, आणि तेवढ्यावर कंट्रोलर चौघींची वाटणी करणार. चौथ्या फेजची सेन्स लाइन मी लेआउटमध्ये इंडक्टरच्या पॅडवरून न काढता थोडं पुढच्या कॉपरवरून उचलली होती (हो, मीच). त्या जागी सिम्युलेशनमध्ये मधल्या कॉपरचा ०.१ मिलिओहम टाकून बघितला तर तिघी १५.३ आणि चौथी १४.२. म्हटलं एवढ्याने काय होतंय, आणि तो विषय आठवडाभर सोडून दिला.

इथेच गंडलो. इंडक्टरचा सीरीज रेझिस्टन्सचा रकाना रिकामा ठेवला की एलटीस्पाइस स्वतःहून १ मिलिओहम धरतं, आणि मी तर डीसीआरचा वेगळा रेझिस्टर काढला होता, म्हणजे एकूण झाले १.३, त्यात ०.१ चा फरक बुडून गेला! एरवी हा १ मिलिओहम कुणाला जाणवत पण नाही, पण इथे तो खऱ्या डीसीआरच्या तिप्पट. रकान्यात शून्य टाकलं आणि परत रन केलं, तिघी १६ वर, चौथी १२ वर. कंट्रोलरला वाटतंय चौथीच जास्त ओढतेय म्हणून तो तिला आवरतो आणि बाकीच्यांवर बोजा टाकतो. कॉपर लॉस करंटच्या वर्गात जातो, २५६ ला १४४, जवळजवळ पावणेदोनपट, तापणारच ना.

बोर्डावर ट्रॅक कापून पॅडवरून बारीक वायर ओढली, कॅमेऱ्यात चौघी एका रंगाच्या.

बाकी तक्रारी म्हणाल तर मोठा एम लिहिला तरी तो मिलीच धरतो, मेगासाठी मेग लिहावं लागतं, यात प्रत्येक नवीन पोरगा एकदा तरी पडतो. आणि स्पीड! चार फेज, खरं कंट्रोलर मॉडेल, त्यात सॉफ्ट स्टार्ट (आउटपुट हळूहळू चढवणं), म्हणजे रन लावून जेवून या. मी सॉफ्ट स्टार्टचा कपॅसिटर सिम्युलेशनपुरता बारीक करतो आणि लागतील तेवढेच नोड (सर्किटमधले जोडबिंदू) सेव्ह करतो, नाहीतर वेव्हफॉर्मची फाइल गीगाबाइटमध्ये जाते.